लॉ जर्नलला लेख पाठवताना: बेळगाव सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या वकिलांसाठी

लेख आधी लिहायचा, सरांना दाखवायचा, सर 'बरा झालाय' म्हणाले की मग तो कुठे पाठवायचा याची चौकशी सुरू करायची. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातली लॉची मुलं आणि नुकतीच सनद घेतलेली मंडळी सर्रास याच क्रमाने जातात, आणि इथेच घोळ होतो. परत आलेल्या लेखात मुद्दा नसतो असं फार वेळा नाही. शब्दमर्यादा ओलांडलेली असते, फुटनोट चुकीच्या पद्धतीच्या असतात, फाइलमध्ये स्वतःचं नाव राहिलेलं असतं, किंवा जर्नल ज्या विषयाला हातच लावत नाही त्यावर लेख गेलेला असतो. असा लेख संपादक रिव्ह्यूअरपर्यंत, म्हणजे लेख पारखणाऱ्या तज्ज्ञापर्यंत, पोहोचूच देत नाहीत.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका. विशेषतः पहिल्या दोन पायऱ्या लेखाची पहिली ओळ लिहिण्याआधीच्या आहेत.

१. आधी जर्नल ठरवा

कागद घ्या आणि तीन जर्नलांची नावं लिहा: एक हात पोहोचेल की नाही अशी शंका वाटणारं, एक आवाक्यातलं, एक खात्रीचं. वरच्या टोकाला दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचं जर्नल किंवा बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा विद्यार्थी-संपादित 'नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया रिव्ह्यू' असेल. आवाक्यातलं म्हणजे एखाद्या विद्यापीठाचं किंवा लॉ कॉलेजचं नियमित निघणारं जर्नल. तिन्हींच्या लेखकांसाठीच्या सूचना उतरवून घ्या आणि मागचे दोन अंक चाळा. अनुक्रमणिका पाहिली तरी पुष्कळ कळतं. दोन अंकांत सगळे लेख कंपनी कायदा आणि लवादावर असतील, तर तिथे भाषिक अल्पसंख्याकांवरचा लेख पाठवून काय साधणार?

सूचनांमधून एवढं टिपून ठेवा: शब्दमर्यादा फुटनोटसकट की वगळून, फुटनोटची पद्धत कोणती आणि तिची कितवी आवृत्ती, ॲबस्ट्रॅक्ट (लेखाचा सुरुवातीचा सारांश) किती शब्दांचा, सहलेखक किती चालतात, फी आहे का, विशेषांक आहे का आणि शेवटची तारीख काय.

आता व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जाहिरातींबद्दल. 'आठ दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन क्रमांकासह, सर्टिफिकेट मिळेल, सहलेखकाला जादा पैसे.' कॉलेजच्या ग्रुपवर अशी जाहिरात आली की चारजण लगेच पैसे भरून मोकळे होतात. आयएसएसएन हा नियतकालिकाची ओळख पटवणारा आठ अंकी क्रमांक आहे, त्यापलीकडे काही नाही. दर्जाशी त्याचा संबंध नाही. आठ दिवसांत दोन तज्ज्ञांनी लेख वाचून शेरे दिले, लेखकाने दुरुस्त्या केल्या आणि तो छापून आला, हे ज्याला पटतं त्याने खुशाल पैसे भरावेत.

प्राध्यापक मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मान्य जर्नलांची 'केअर' यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. यादीच्या जागी सुचवलेले निकष आलेत आणि जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आलीय. त्यामुळे आज कुणी 'आमचं जर्नल केअर लिस्टेड आहे' असं मिरवत असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. प्रमोशनसाठी लेख हवा असेल तर तुमची संस्था कोणतं जर्नल धरते हे लेखी विचारून घ्या.

*तपासा:* आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकल्यावर तेच नाव येतं का? संपादक मंडळावरचे प्राध्यापक आपापल्या विद्यापीठाच्या पानावर सापडतात का? मागचे अंक उघडतात का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा.

२. लेखाचा प्रकार ठरवा

लांब लेख, छोटी टिपणी, निकालावरचं भाष्य, पुस्तक परीक्षण यांच्या शब्दमर्यादा वेगळ्या आणि अपेक्षाही वेगळ्या. पहिल्यांदाच पाठवणाऱ्याने निकालावरचं भाष्य घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक निकाल, त्यातला एक मुद्दा, तो का पटतो किंवा का पटत नाही. पसरायला जागाच नसते, त्यामुळे लेखणी आपोआप ताळ्यावर राहते.

३. विषयातून प्रश्न काढा

सीमाभागातले मसुदे सर्वांत जास्त इथे अडकतात. आपल्याकडे विषयांची कमतरता नाही, पण विषय हाताशी आहे म्हणजे लेख झाला असं होत नाही. 'महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद: एक अभ्यास' हे शीर्षक वाचूनच संपादक पुढच्या फाइलकडे वळतो. त्या लेखात काय असणार हे त्याला ठाऊक असतं: १९५६ ची राज्य पुनर्रचना, महाजन आयोग, आंदोलनं, हुतात्मे, आणि शेवटी न्याय मिळावा ही अपेक्षा. वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीला हे चालेल. जर्नलला कायद्याचा प्रश्न लागतो, ज्याचं उत्तर लेखाआधी कुणी नीट दिलेलं नाही असा.

काही विषय कसे आवळता येतात ते पाहा.

सीमावाद घ्यायचाच असेल तर महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दाखल केलेला २००४ चा मूळ दावा क्रमांक ४ घ्या. तो राज्यघटनेच्या कलम १३१ खाली, म्हणजे राज्या-राज्यांतले किंवा राज्य आणि केंद्रातले वाद थेट सुप्रीम कोर्टात नेणाऱ्या कलमाखाली आहे. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार मात्र कलम ३ ने संसदेला दिलाय. मग कलम १३१ खालच्या दाव्यात कोर्ट सीमेच्या प्रश्नाला कुठवर हात घालू शकतं? हा एक प्रश्न झाला, आणि एका लेखाला तो पुरून उरतो.

मराठीतून परिपत्रकं मिळावीत ही मागणी घ्या. त्या चर्चेत १५ टक्के लोकसंख्येचा निकष, म्हणजे एखाद्या भागात भाषिक अल्पसंख्याक किमान तेवढे असावेत ही अट, हटकून पुढे केला जातो. तो निकष कायद्यात आहे की सरकारांनी आपसांत मान्य केलेल्या योजनेत? योजनेतला असेल तर कोर्टातून त्याची अंमलबजावणी करून घेता येते का? कलम ३४७ (राज्यात एखाद्या भाषेला अधिकृत मान्यता द्यायचा राष्ट्रपतींचा निर्देश) आणि कलम ३५०-ब (भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा विशेष अधिकारी) यांचा इथे काही उपयोग होतो का?

ज्यांना भाषेच्या विषयापासून लांब राहायचंय त्यांच्यासाठीही भरपूर आहे. दोन्ही राज्यांत सभासद असलेल्या पतसंस्था आणि कारखाने, आणि त्यांना लागू होणारा २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा. खानापूरच्या भीमगड अभयारण्यातल्या गावांचं स्थलांतर आणि वनहक्क कायद्याच्या कलम ४(२) खालची ग्रामसभेची संमती. निपाणीच्या विडी कामगार बायका. या शेवटच्या विषयात एक फट आहे: विडी-सिगार कामगारांचा १९६६ चा कायदा चार श्रम संहितांमध्ये विलीन झालाय आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यात. जुन्या पुस्तकावरून लिहिलेला लेख आज पहिल्याच पानावर शिळा ठरतो.

*सावध:* आपल्या बाजूचा वाटतो म्हणून निकाल उचलू नका. मराठी शाळांवरच्या मसुद्यांत एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. कलम ३५०-अ सांगितलं जातं, म्हणजे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. आणि त्याला आधार म्हणून २०१४ चा 'स्टेट ऑफ कर्नाटक विरुद्ध असोसिएटेड मॅनेजमेंट ऑफ इंग्लिश मीडियम प्रायमरी अँड सेकंडरी स्कूल्स' हा निकाल जोडला जातो. त्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं ते असं: प्राथमिक शाळेत मातृभाषेचं माध्यम राज्य सक्तीने लादू शकत नाही, आणि कलम ३५०-अ तसा अधिकार देत नाही. मराठी शाळा हवी म्हणणाऱ्याला या निकालातून वाट काढता येते, कारण कोणतंही माध्यम सक्तीचं नाही हा मुद्दा कन्नड सक्तीलाही लागू पडतो. पण त्यासाठी निकाल वाचावा लागतो. मथळा वाचून जोडलेला निकाल रिव्ह्यूअर एका नजरेत ओळखतो.

*तपासा:* तुमचा प्रश्न एका वाक्यात, प्रश्नचिन्हासकट लिहा. त्याचं उत्तर 'सरकारने लक्ष द्यावं' असं येत असेल तर प्रश्न पुन्हा काढा.

४. कागद गोळा करा, आणि तेही सीमाभागाच्या हिशोबाने

हैदराबादच्या किंवा दिल्लीच्या लेखकाला न येणाऱ्या अडचणी आपल्याला येतात, आणि त्याच जागी आपला लेख उठूनही दिसू शकतो.

पहिली गोष्ट, जुना कायदा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ मुळे त्या प्रदेशात लागू असलेले कायदे राज्य बदललं म्हणून आपोआप गेले नाहीत, ते बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत चालू राहिले. म्हणून जमीन, वतन, कूळ अशा विषयावर लिहिताना तीन गोष्टी सलग पाहाव्या लागतात: त्या वर्षी मुंबईचा कोणता कायदा लागू होता, कर्नाटकाने तो कधी रद्द केला, आणि रद्द करताना जुन्या हक्कांचं काय केलं. जुन्या म्हैसूर संस्थानाचा कायदा बेळगावला लावून मोकळं झालेले मसुदे मी वाचलेत. अशी चूक एकदा दिसली की बाकीच्या लेखावरचा विश्वास उडतो.

दुसरी गोष्ट, कन्नड कागदपत्रं. शासन आदेश, पहाणी (जमिनीचा उतारा), पंचायतीचे ठराव कन्नडमध्ये असतात. त्यांचा इंग्रजी गोषवारा दुसऱ्याच्या लेखातून उचलू नका. मूळ कागद मिळवा, कन्नड नीट येणाऱ्या मित्राकडून भाषांतर तपासून घ्या आणि फुटनोटमध्ये भाषांतर कुणाचं ते नोंदवा. मराठी आणि मोडी कागदांनाही हाच नियम. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मूळ कागदावरूनच उतरवा.

तिसरी, निकाल. सुप्रीम कोर्टाचे निकाल ई-एससीआर या कोर्टाच्याच ऑनलाइन संग्रहावर फुकट मिळतात, काहींची मराठी आणि कन्नड भाषांतरंही आहेत. भाषांतर समजून घ्यायला वापरा, अवतरण मात्र मूळ इंग्रजीतून. आपला जिल्हा हायकोर्टाच्या धारवाड पीठाखाली येतो. तिथल्या अलीकडच्या निकालांच्या न्यूट्रल सायटेशनमध्ये, म्हणजे कोर्टानेच निकालाला दिलेल्या क्रमांकात, 'केएचसी-डी' अशी खूण असते. ती गाळून नुसतं 'कर्नाटक हायकोर्ट' लिहिलं की निकाल शोधताना वाचकाची दमछाक होते.

मुलाखती घेणार असाल तर आधी कॉलेजकडून नैतिक मान्यतेचं विचारा आणि माणसांची संमती घ्या. मागाहून मिळवलेली संमती चालत नाही.

५. मसुदा

इथे फार रेंगाळत नाही. लेख बहुधा इंग्रजीत जाणार, आणि आपल्यातल्या अनेकांचं शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झालेलं. मराठीत वाक्य जुळवून ते इंग्रजीत उतरवायला गेलात तर पाच ओळींचं एक वाक्य तयार होतं. छोटी वाक्यं लिहा, एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवा. इंग्रजी साधं असलं म्हणून कुठलाही संपादक लेख परत करत नाही. जड शब्दांची चळत रचलेली असली की मात्र करतो.

प्रस्तावनेत प्रश्न, तुमचं उत्तर आणि पुढच्या भागांची मांडणी एवढं दुसऱ्या पानाच्या आत यायला हवं. विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा स्वतःहून मांडा आणि त्याला उत्तर द्या. सीमाभागाच्या विषयात हे दुप्पट गरजेचं आहे, कारण नाव आणि गाव झाकलं तरी लेखक कोणत्या बाजूचा ते रिव्ह्यूअरला वासाने कळतं. कर्नाटक सरकारची बाजू त्यांच्या वकिलाने मांडली असती तशी मांडा, मग खोडा.

गावाचं नाव कसं लिहायचं यावर वाद घालू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी आहे. पहिल्या उल्लेखाला फुटनोट द्या आणि पुढे एकच रूप ठेवा. खटल्याचं शीर्षक किंवा जुन्या कायद्याचं नाव मात्र छापलंय तसंच राहतं, ते 'दुरुस्त' करायचं नसतं.

फौजदारी कायद्यावर लिहिताना १ जुलै २०२४ ही तारीख डोक्यात ठेवा. त्याआधीच्या गुन्ह्याचा निकाल जुन्या दंड संहितेच्या कलम ४२० वर असेल तर आकडा तोच राहील. त्याची भारतीय न्याय संहितेतली जागा, म्हणजे कलम ३१८(४), सोबत सांगा. सरसकट जुने आकडे खोडून नवे घालणं ही नवी साथ आलीय.

ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यांत शेवटी लिहा. त्यात 'या लेखात अमुक गोष्टीचा विचार केला आहे' असं नको. तुम्हाला काय आढळलं ते सांगा.

६. फुटनोट

लेख एकदा वाचून होतो, फुटनोट तीनदा तपासाव्या लागतात. ब्लूबुक, ऑस्कोला, इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची पद्धत यांत स्वल्पविरामापासून फरक आहे. जर्नल आधी ठरवा म्हणतोय ते यासाठीही. लिहितानाच त्या पद्धतीने फुटनोट घातल्या तर शेवटची रात्र वाचते.

बहुतेक मसुद्यांतली फुटनोट अशी असते: 'असोसिएटेड मॅनेजमेंट केस, सुप्रीम कोर्ट, २०१४'. हवी ती अशी: दोन्ही पक्षांची नावं पूर्ण, मग (२०१४) ९ एससीसी ४८५ (एससीसी म्हणजे 'सुप्रीम कोर्ट केसेस' ही निकालांची मालिका), मग ज्या परिच्छेदावर तुमचं वाक्य उभं आहे त्याचा क्रमांक. हा परिच्छेद क्रमांक गाळणं म्हणजे अख्ख्या निकालात वाचकाला मुद्दा शोधायला लावणं. रिव्ह्यूअर तो शोधतो, आणि नाही सापडला की शेरा मारतो.

*सावध:* चॅटबॉटने दिलेलं एकही सायटेशन मूळ निकाल स्वतः उघडल्याशिवाय ठेवू नका. अस्तित्वात नसलेले खटले तो बिनदिक्कत देतो. अशी साधनं वापरली असतील तर जर्नल तशी घोषणा मागतं का तेही बघा.

७. साम्य तपासणी

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य, म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी जुळणारा भाग, किरकोळ धरलंय, त्यापुढे कारवाईच्या पातळ्या सुरू होतात. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भ आणि कायद्याचा मजकूर त्यातून वगळले जातात. जर्नल याहून कडक मर्यादा लावू शकतं. आकडा खाली आणायला शब्दांची अदलाबदल करणारं सॉफ्टवेअर वापरू नका. त्यात 'प्रतिवादी'चा 'विरोधक' होतो आणि कायद्याची भाषा बिघडते. स्वतःच्या एलएलएमच्या प्रबंधातला मजकूर घेतला असेल तर तोही साम्य म्हणून दिसतो, ते संपादकाला पत्रातच सांगून टाका.

८. फाइलमधून स्वतःला पुसा

बहुतेक जर्नलांत रिव्ह्यूअरला लेखक कोण ते कळू द्यायचं नसतं. नाव पहिल्या पानावरून काढलं की काम झालं असं समजू नका. वर्डमध्ये फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव बसलेलं असतं, 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'मधून ते काढा. फाइलचं नाव बदला. आभाराची फुटनोट काढा. 'मी माझ्या आधीच्या लेखात म्हटल्याप्रमाणे' हे तिसऱ्या पुरुषात करा. सरांनी बाजूला टाकलेले शेरे आणि ट्रॅक चेंजेस नावासकट राहतात, ते स्वीकारून किंवा नाकारून साफ करा.

वकिलांनी जास्त जपावं. 'खानापूर कोर्टातल्या एका दाव्यात आम्ही अर्ज दिला तेव्हा' या एका वाक्याने ओळख उघडी होते, आणि अशिलाची गोपनीयताही धोक्यात येते. स्वतः चालवलेल्या खटल्यावर लिहित असाल तर ती गोष्ट संपादकाला कव्हरिंग लेटरमध्ये सांगा.

९. पाठवणं

एका वेळी एकाच जर्नलला. अमेरिकेतल्या विद्यार्थी-संपादित लॉ रिव्ह्यूंना एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवायची मुभा असते, ते वाचून आपल्याकडची मुलं पाच ठिकाणी ईमेल टाकतात. भारतातली बहुतेक जर्नलं लेख दुसरीकडे दिलेला नाही असं लिहून घेतात. दोन ठिकाणी स्वीकारला गेला तर एका संपादकाला तोंड दाखवायची सोय राहत नाही.

कव्हरिंग लेटर पाच-सहा ओळींचं पुरे: शीर्षक, प्रकार, शब्दसंख्या, लेख अप्रकाशित आहे आणि दुसरीकडे दिलेला नाही, कुणाची आर्थिक मदत किंवा हितसंबंध असतील तर ते, आणि संपर्क. 'आपल्या प्रतिष्ठित नियतकालिकात मला संधी मिळाल्यास मी कृतकृत्य होईन' वगैरे नको. ईमेलचा पत्ता धड नावाचा ठेवा. सहलेखकांची नावं आणि क्रम आत्ताच ठरवा. ज्यांनी लेखात काहीच केलेलं नाही त्या सरांचं नाव आदरापोटी घालायचा रिवाज आहे, तो पाळू नका. सरांना विनम्रपणे सांगा की नाव आभारात येईल.

१०. वाट पाहणं आणि शेरे

पोच आली नाही तर दहाएक दिवसांनी एक ईमेल करा. त्यानंतर जर्नलने सांगितलेली मुदत संपेपर्यंत गप्प बसायचं. काही महिने लागणं नेहमीचं आहे.

'दुरुस्त्या करून पाठवा' हे उत्तर चांगलं असतं. ते वाचून नाराज होऊन लेख बासनात बांधून ठेवणारे पुष्कळ आहेत. दोन रकान्यांचा तक्ता करा: डावीकडे रिव्ह्यूअरचा प्रत्येक शेरा जसाच्या तसा, उजवीकडे तुम्ही काय बदललं आणि कितव्या पानावर. शेरा पटला नाही तर तसं कारणासकट लिहा, संपादक ते ऐकून घेतात. पण 'रिव्ह्यूअरला सीमाभागाची माहिती नाही' असं लिहू नका. त्याला माहिती नसेल तर वाचकालाही नसणार, तेव्हा लेखात एक परिच्छेद वाढवा.

स्वीकृती आली की कॉपीराइटचा करार वाचून सही करा: लेख पुढे पुस्तकात घेता येईल का, मराठीत भाषांतर करून छापता येईल का, स्वतःच्या कॉलेजच्या संग्रहात ठेवता येईल का. प्रूफ आलं की खटल्यांची नावं, कलमांचे आकडे आणि कन्नड-मराठी नावांचं इंग्रजी स्पेलिंग मूळ कागद समोर ठेवून तपासा. युक्तिवाद बदलायची ती वेळ नसते.

नकार आला तर पहिल्या पायरीवरच्या कागदावरचं दुसरं नाव घ्या. शेऱ्यांतलं जे पटेल ते आधी दुरुस्त करा, फुटनोट नव्या जर्नलच्या पद्धतीत बदला, शब्दसंख्या पुन्हा मोजा. आणि कव्हरिंग लेटरमध्ये, फाइलच्या नावात, हेडरमध्ये आधीच्या जर्नलचं नाव राहिलेलं नाही ना, ते बघूनच सेंड दाबा.